झाडछाटणीची घरगुती हत्यारे



हत्यारांची गोष्ट सांगण्याआधी आम्ही आमची एक चूक सांगतो. आम्ही हेडमास्तर होतो तेव्हा शाळेच्या आवारात संत्र्याचे एक झाड होते. मुलांनी बादल्यांनी पाणी घालून ते वाढवले होते. त्याची एक जाड फांदी वाटेत येई. आम्ही बोथट कुऱ्हाड घेतली आणि फांदीवर वरून घाव घातले. फांदी अर्धी तुटली आणि स्वतःच्या वजनाने खाली आली. येताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. पावसाळ्यात तिथून डिंक गळू लागला. दोन वर्षांत झाड वाळले.

मुले विचारीत, "गुरुजी, झाड काहून वाळलं जी?"

आम्ही म्हणत असू, "रोग आला." रोग खराच होता. पण त्याला दार आम्हीच उघडून दिले होते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे संत्र्याच्या बागा आहेत. तिथले लोक फळे उतरल्यावर वाळलेल्या काड्या काढतात. त्याला ते सल काढणे म्हणतात. उंचावरची सल काढायला लांब दांड्याची करवत लागते. ती घरी करता येते.

सुताराकडे मोडक्या करवतीचा तुकडा मागा. हातभर लांब पुरे. लोखंड कापायच्या करवतीचे पाते घेऊ नका. त्याचे दात बारीक असतात. ओल्या लाकडाचा भुसा त्यांत अडकतो. सुताराच्या करवतीला तीनधारी कानशीने दात पाडता येतात. एक दात डावीकडे, एक उजवीकडे, असे जरा फाकवून घ्यावे. नाहीतर ओल्या फांदीत पाते फसते. दात आपल्याकडे वळलेले हवेत. म्हणजे करवत ओढताना कापते. लांब दांड्यावर ढकलू गेलो तर पाते वाकते.

पात्याच्या एका टोकाला लोहाराकडून दोन भोके पाडून घ्या. तेवढेच टोक तापवायला सांगा. सगळे पाते तापले तर दातांचे पाणी उतरते. मग धार टिकत नाही. धार लावतानाही हीच काळजी घ्या. चाकावर घासताना पाते निळे पडले, की पाणी उतरले असे समजा.

दांड्याला वाळलेला वेळू घ्या. बांधावर असला तर उत्तमच. २०१७ साली कायदा बदलला. तेव्हापासून जंगलाबाहेरचा वेळू कायद्याने झाड धरला जात नाही. जंगलातल्या वेळूला मात्र हात लावू नका. वेळूच्या टोकाला चीर पाडण्याआधी खालच्या गाठीवर तार घट्ट आवळा. म्हणजे चीर खाली धावत नाही. मग चिरेत पाते बसवा, भोकांतून खिळे घालून ठोका आणि वरून पुन्हा तार गुंडाळा.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळा. वर विजेची तार असेल तिथे हा दांडा उभा करू नका. पात्यात लोखंड आहे आणि ओला वेळू विजेला अडवत नाही. तारेखालची फांदी वीज खात्याच्या माणसांनाच काढू द्या.

आता फांदी कशी कापायची ते ऐका. खोडापासून वीतभर दूर, आधी खालच्या बाजूने पाव भाग कापा. मग त्याच्या जरा पुढे वरून कापा. फांदी पडते, पण साल फाटत नाही. उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याशी हलक्या हाताने काढा. कड्याला धक्का लावू नका. जखम तिथूनच भरते. आम्हाला हे कोणी त्या वेळी सांगितले असते, तर!

जखमेला बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवा, मग एकत्र करा. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्या. लोखंडी नको, मोरचूद लोखंड खातो. थोडेच लागणार असेल तर सगळे त्याच मापात कमी घ्या. तयार मलम त्याच दिवशी संपवा. मुलाबाळांना जवळ येऊ देऊ नका.

रोगी झाड सगळ्यांत शेवटी छाटा. काम झाले की पाते धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून उंच खुंटीला टांगा.

आमची करवत आता शेजारी मागून नेतात. आम्ही नाही म्हणत नाही. परत आली, की आधी दात मोजतो.