दुखण्यांतून उठलेलें मूल आणि त्याचा वर्ग

दीर्घ दुखण्यांतून उठलेलें मूल दप्तर घेऊन शाळेच्या दाराशीं उभें राहिलें, कीं घरच्या माणसांस वाटतें, संकट टळलें. पण मुलाची एक निराळीच कसोटी त्या दाराच्या आंत सुरू होते.

रक्ताच्या कर्करोगाचेंच उदाहरण घ्यावें. मुलांच्या कर्करोगांत हाच सर्वांत अधिक आढळतो, आणि एके काळीं असाध्य गणलेला हा रोग आज योग्य उपचारांनीं बहुसंख्य मुलांत बरा होतो. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत दूरदूरच्या गांवांहून अशीं मुलें येतात. रोगाच्या नेहमींच्या प्रकारांत उपचार दोन ते तीन वर्षें चालतात. पहिले कांहीं महिने फार कडक, पुढें घरीं गोळ्या व अधूनमधून तपासणी. म्हणजे मूल शाळेंत परततें तें पुष्कळदां औषध चालू असतांनाच.

चौथींतील एखादी मुलगी डोक्यास रुमाल बांधून येते. केस गेलेले, औषधानें चेहरा सुजलेला. शेजारची मुलगी बांकावर किंचित् सरकून बसते. आईनेंच तिला तसें बजावलेलें असतें. हा रोग स्पर्शानें किंवा डब्यांतला घांस वाटून घेतल्यानें पसरत नाहीं, हें सुशिक्षित घरांतूनही अद्यापि पुरतें रुजलेलें नाहीं. भीति असलीच तर ती उलट बाजूनें आहे. प्रतिकारशक्ति उतरलेली असल्यामुळें वर्गांत कोणास कांजिण्या किंवा गोवर आला, तर तें या मुलीच्या जिवावर बेतूं शकतें. शिक्षकांनीं त्याच दिवशीं तिच्या घरीं निरोप धाडावा. शाळा सुटेपर्यंतही थांबूं नये.

याहून नाजूक गोष्ट अक्षराची. या रोगावरील व्हिन्क्रिस्टिन नांवाचें औषध सदाफुलीपासून मिळतें. तीच ती, कुंपणापाशीं बारा महिने फुलणारी. त्यानें पुष्कळ मुलांचे प्राण वांचले. पण हातापायांच्या मज्जातंतूंना तें दुबळें करूं शकतें. बोटांत पेन्सिल नीट ठरत नाहीं, जिना चढतांना पाय अडखळतो. रोग मेंदूंत शिरूं नये म्हणून केलेल्या उपचारांमुळें कांहीं मुलांचें लक्ष लवकर उडतें. गणिताची रीत समजते, पण उत्तरास वेळ लागतो. पूर्वीं पहिल्या पांचांत असणाऱ्या मुलीची वही अर्धी कोरी राहिली, कीं घरींदारीं "आळस" हा शब्द निघतो. तिच्याविषयीं याहून मोठा अन्याय नाहीं. तिला लिहिण्यास अधिक वेळ द्यावा, कांहीं उत्तरें तोंडी घ्यावीं. आरंभीं ती दोनच तास बसली तरी चालेल.

मात्र दयेचाही अतिरेक होतो. चूक दाखवावयाची नाहीं, गृहपाठ द्यावयाचा नाहीं, सगळ्यांनीं हलक्या आवाजांत बोलावयाचें. यांतून मुलाला एवढेंच कळतें, कीं आपल्याकडून आतां कोणाची अपेक्षा उरली नाहीं. ज्या शाळेंतून दुखण्याच्या काळांत मित्रांचीं पत्रें जात राहिलीं, तेथें हा अवघडपणा पुष्कळ कमी असतो.

वर्गाला आधीं सांगावें, पण काय सांगावें हें त्या मुलीलाच विचारावें. कोणी म्हणेल, रुमालाविषयीं मीच सांगेन. कोणाला तो विषयही नको असेल. दोघींचीही जागा मैत्रिणीच्या शेजारीं, जुन्या बांकावर, राखून ठेवावी.