थांबलेली खाण आणि भोवतालचे पाणी



कोळशाची खाण थांबली म्हणजे यंत्रांची घरघर थांबते, मालमोटारींची ये-जा बंद होते आणि खाणीचा व गावाचा संबंध संपला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पाण्याच्या बाबतीत मात्र ही समजूत खरी नाही. खाण चालू असताना पाण्यावर जे परिणाम होतात, त्यांहून वेगळे परिणाम ती थांबल्यावर सुरू होतात आणि कित्येक वर्षे चालू राहतात. म्हणूनच उत्पादन बंद झाल्यावर पाण्याच्या नोंदी बंद न करता त्या अधिक काळजीने ठेवणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्रातील कोळसा मुख्यत्वे वर्धा खोऱ्यात, म्हणजे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत, आणि नागपूर जिल्ह्यातील कामठी व उमरेड या भागांत सापडतो. कोळशाचे थर गोंडवन काळातील बराकार श्रेणीच्या खडकांत असून त्यांच्यावर अनेक ठिकाणी कामठी श्रेणीचा वालुकाश्म पसरलेला आहे. हा वालुकाश्म पाणी धरून ठेवतो आणि आसपासच्या विहिरींना पुरवितो. खाण नेमकी याच थरांना छेदून खाली जाते.

पंप थांबल्यावर काय होते?

खाण कोरडी ठेवण्यासाठी रात्रंदिवस पाणी उपसावे लागते व त्यामुळे जवळच्या विहिरींची पातळी खाली जाते. उपसा थांबला की पाणी हळूहळू पुन्हा चढू लागते. खुल्या खाणीच्या खड्ड्याचे तळे बनते. भूमिगत खाणीत जुने बोगदे भरत जातात आणि ते पाणी एखाद्या सखल जागी किंवा जुन्या विंधणविहिरीतून बाहेर पडू शकते.

चढणारे पाणी आपल्याबरोबर खडकातील द्रव्येही घेऊन येते. कोळशात व त्यालगतच्या खडकांत लोह व गंधक यांचे माक्षिक नावाचे खनिज असते. खाणकामामुळे त्याला हवा व ओलावा मिळाला की गंधकाम्ल व लोहाचे क्षार तयार होतात आणि पाण्यात विरघळतात. माती-दगडांच्या उघड्या ढिगाऱ्यांतही हीच क्रिया घडते. शिवाय पावसाळ्यात त्यांवरील गाळ नाल्यांत उतरतो.

मेघालयातील जैंतिया टेकड्यांत अधिक गंधकाच्या कोळशामुळे ओढ्यांचे पाणी आम्लयुक्त झाले आहे. गोंडवन कोळशात गंधक सामान्यतः कमी असते. तथापि तेवढ्याने निर्धास्त राहता येत नाही. खडकातील चुना आम्ल शमवितो व पाण्याचा सामू ठीक दिसतो. परंतु सल्फेट व जडपणा पाण्यात उरतोच. केवळ सामू पाहून पाणी निर्दोष ठरविणे योग्य नव्हे.

मोजावे काय आणि कसे?

नाल्याच्या किंवा नदीच्या पाण्याचे नमुने खाणीच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही अंगांना एकाच दिवशी घ्यावेत. दोहोंतील फरकावरूनच खाणीचा वाटा कळतो. विहिरींची निवडही अशीच करावी : एक खाणीच्या चढाकडील, दोन-तीन उताराकडील आणि एक खाणीच्या प्रभावापलीकडची. पाऊस कमी पडला तर या सर्वच विहिरी खाली जातील. दूरची विहीर स्थिर असून खाणीजवळच्याच विहिरींत फरक पडला, तर मात्र कारण खाणीत शोधावे लागेल.

पातळी मोजण्यासाठी विहिरीच्या कठड्यावर रंगाने कायमची खूण करावी व त्याच खुणेपासून, सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी मोजणी करावी. जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर असे वर्षातून चार वेळा मोजमाप झाल्यास उन्हाळा व पावसाळा यांतील चढउतार स्पष्ट होतात. त्यासोबत गावच्या पावसाची नोंद असावी.

सामू, तापमान व विद्युतवाहकता जागेवरच मोजावी. बाटली त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरावी. तिच्यावर ठिकाण, दिनांक व वेळ लिहावी. जंतुपरीक्षणासाठी मात्र निर्जंतुक केलेली वेगळी बाटली लागते. ती विसळू नये व काठोकाठ भरू नये. प्रयोगशाळेत सल्फेट, लोह, जडपणा, एकूण विरघळलेले क्षार आणि फ्लोराइड यांची तपासणी व्हावी. २०१२ च्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा; सल्फेटची स्वीकार्य मर्यादा प्रति लिटर २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ती ४०० पर्यंत चालते. फ्लोराइडसाठी या मर्यादा अनुक्रमे १ व १.५ मिलिग्रॅम आहेत. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत काही ठिकाणी खडकांतूनच फ्लोराइड पाण्यात येते. त्यामुळे आधीची नोंद नसेल, तर दोष खडकाचा की खाणीचा, हे ठरविणे कठीण होते.

जबाबदारी कोणाची?

केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाण्याच्या गुणवत्तेची व्यवस्था हा त्या आराखड्याचा भाग असून त्यासाठी खाणचालकाने स्वतंत्र खात्यात रक्कम ठेवावयाची असते. मोजणीचे मुख्य दायित्व खाणचालकाचेच होय. परंतु पाणी पिणारे गाव असते आणि अहवाल पडताळून पाहावयाचा तर गावाजवळ स्वतःची नोंदवही हवी.

ग्रामपंचायतीने चालकाकडून तपासणीचे अहवाल मागवावेत व ते ग्रामसभेत वाचून दाखवावेत. जलसुरक्षकाने नमुने वेळेवर प्रयोगशाळेत पोहोचवावेत. शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून पर्जन्यमान व पाणीपातळी यांची नोंद ठेवून घेता येईल. गणित व भूगोल यांचा याहून जिवंत पाठ क्वचितच मिळेल. अधिकाऱ्यांनी खाण थांबल्याचे कळताच निरीक्षण विहिरी बुजविल्या जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

पाणी पिण्यास अयोग्य आढळल्यास त्या विहिरीवर तसा फलक लावून पर्यायी पुरवठा तत्काळ सुरू करावा. कारणाची चौकशी त्याबरोबरच चालू राहील. मात्र त्या चौकशीत गावाची बाजू भक्कम ठरावयाची असेल, तर तिचा पुरावा आदल्या पाच-दहा वर्षांच्या नोंदवहीतच सापडेल. ती वही पुढील मोजणीच्या महिन्यापासून उघडावी.