भाचीचीं जुनीं मासिकें



२०२४ सालीं दसऱ्याच्या सुमारास मी माझ्या धाकट्या बहिणीकडे अमेरिकेंत गेलों होतों. न्यू जर्सी राज्यांत एडिसन म्हणून गांव आहे. तेथें आपल्या देशांतील लोकांची वस्ती इतकी, कीं भाजी आणण्यापुरतें माझें हिंदीवर भागलें आणि मॅट्रिकपर्यंतच्या माझ्या इंग्रजीची अब्रू शाबूत राहिली. बहीण व मेहुणे मोठें घर सोडून लहान घरांत राहावयास जाणार होते. तळघरांत तीस वर्षांचें सामान सांचलेलें. तें उपसावयास एखादा रिकामटेकडा माणूस हवा होता, आणि सेवानिवृत्त शाळामास्तराइतका रिकामटेकडा माणूस त्यांना दुसरा कोण मिळणार!

त्या सामानांत पुठ्ठ्याचीं चार खोकीं निघालीं. वर इंग्रजींत जाड अक्षरांनीं ताकीद होती : 'खासगी. कोणीं उघडूं नये.' अक्षर माझ्या भाचीचें. शाळामास्तरास अशी ताकीद म्हणजे आमंत्रणच. परंतु वयोमानानें मला थोडें शहाणपण आलें आहे. शनिवारीं ती आपल्या मुलीला घेऊन येईपर्यंत मीं खोक्यांना हात लावला नाहीं. भाची चौथ्या वर्षीं आईबापांबरोबर तिकडे गेली. आतां ती अडतीस वर्षांची, एका औषधांच्या दुकानांत फार्मासिस्ट आहे. तिची मुलगी बारा वर्षांची.

खोकीं उघडलीं तों आंत मासिकें. १९९८ पासून २००२ पर्यंतचीं, शंभरावर. 'सेव्हन्टीन', 'वाय्. एम्.', 'टीन पीपल', 'कॉस्मोगर्ल' अशीं त्यांचीं नांवें. तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींसाठीं अमेरिकेंत हीं मासिकें निघत. 'सेव्हन्टीन' हें त्यांत बरेंच जुनें. दुसरें महायुद्ध चालू असतांनाच १९४४ च्या सप्टेंबरांत त्याचा पहिला अंक निघाला. 'टीन पीपल' १९९८ चें आणि 'कॉस्मोगर्ल' १९९९ चें, म्हणजे शतक सरतां सरतां या धंद्यास मोठें भरतें आलें होतें. महायुद्धानंतर जन्मलेल्या मोठ्या पिढीचीं मुलें त्या सुमारास या वयांत आलीं होतीं, त्यांच्या हातीं खर्चावयास पैसा होता, आणि गुपितें बोलावयास मोबाइल अजून हातांत आला नव्हता. भरती ओसरली तीही लवकरच. 'वाय्. एम्.' २००४ सालीं बंद पडलें, 'टीन पीपल' २००६ सालीं, 'कॉस्मोगर्ल' २००८ सालीं. 'सेव्हन्टीन'चेंही २०१८ नंतर छापील रूप प्रासंगिक विशेषांकांपुरतेंच उरलें.

मी बैठक मारून एकेक अंक पाहूं लागलों. एका अंकांत अत्तराच्या जाहिरातीची चिकटविलेली घडी होती. ती उलगडतांच चोवीस वर्षांपूर्वींचा तो वास मंदपणें बाहेर आला. भाचीनें डोळे मिटून तो घेतला आणि बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं.

अंकाच्या मध्यभागीं एखाद्या गायकाचें भिंतीवर लावण्याजोगें मोठें चित्र, पुढें केशरचना, राशिभविष्य, वाचक मुलींनीं पाठविलेल्या स्वतःच्या फजितीच्या हकीकती, आणि मग ती प्रश्नावली. दहा प्रश्न, प्रत्येकास तीन उत्तरें. 'अ' अधिक आले तर तुम्ही अशा, 'ब' अधिक आले तर तशा. भाचीच्या मुलीला हा प्रकार भारी आवडला. "आजोबा, आतां तुम्ही," म्हणून तिनें मला परीक्षेस बसविलें. जन्मभर मुलांना परीक्षेस बसविल्याचें फळ केव्हां तरी मिळावयाचेंच. माझे 'ब' अधिक आले. तिनें निकाल मोठ्यानें वाचला. त्याप्रमाणें मी मैत्रिणींत फार बोलघेवडी मुलगी असून माझ्याजवळ गुपित राहात नाहीं. बहिणीनें स्वयंपाकघरांतूनच त्यास दुजोरा दिला.

आरंभीं मलाही या मासिकांची थट्टाच करावीशी वाटत होती, हें मी कबूल करतों. माझ्या शाळेंतही त्या काळीं हेंच चालले होतें. २००० च्या जानेवारींत 'कहो ना प्यार है' आला, आणि सातवीच्या वर्गांतील निम्म्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर हृतिक रोशन दिसूं लागला. मीं तीं चित्रें काढून घेतलीं; किती घेतलीं आणि त्यांचें पुढें काय केलें, तें आतां आठवतही नाहीं.

परंतु भाची जें सांगत गेली त्यानें माझी थट्टा हळूहळू बंद पडली.

त्या वर्षांत 'बॅकस्ट्रीट बॉइज' व 'एन्सिंक' या पांच-पांच तरुणांच्या दोन गायनमेळ्यांनीं तिकडे कहर केला होता. पहिल्या मेळ्याचा 'मिलेनियम' हा संच १९९९ च्या मे महिन्यांत निघाला, तो एका आठवड्यांत ११ लाखांवर खपला. दुसऱ्यांचा संच २००० च्या मार्चमध्यें निघाला, तो पहिल्याच आठवड्यांत २४ लाख खपला. हा उच्चांक २०१५ पर्यंत कोणास मोडतां आला नाहीं. एम्. टी. व्ही.च्या टाइम्स स्क्वेअरमधील कार्यालयाखालीं रस्त्यावर मुलींची झुंबड उडे आणि वर खिडकींत हे गायक हात हालवीत. भाचीच्या अंकांत हे दहाही जण सदैव हंसत आहेत. परंतु हे दोन्ही मेळे ज्या लू पर्लमननें उभे केले, त्याच्यावर या मुलांनींच १९९८ व १९९९ सालीं आपल्या पैशासाठीं फिर्यादी केल्या होत्या. पांच जणांच्या मेळ्यांत हा गृहस्थ व्यवस्थापक म्हणून तर घेईच, शिवाय सहावा गडी म्हणूनही वांटा घेई. पुढें निराळ्याच एका प्रचंड अफरातफरीबद्दल २००८ सालीं त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ सालीं तो कैदेंतच वारला.

ब्रिटनी स्पीअर्सचीं चित्रें तर मोजतां येणार नाहींत इतकीं. तिचें पहिलें गाजलेलें गाणें १९९८ च्या ऑक्टोबरांत निघालें, तेव्हां ती सोळा वर्षांची होती. भाचीच्या संग्रहांत तिचें पोट, तिचा व्यायाम, तिचा आहार, सर्वांवर लेख आहेत. त्याच काळीं थोर वयाचे मुलाखतकार तिच्या कौमार्याविषयीं तिला चारचौघांत प्रश्न विचारीत. २००८ सालीं न्यायालयानें तिचा पैसा व तिची व्यक्तिशः व्यवस्था वडिलांच्या ताब्यांत दिली. ती त्यांतून सुटली २०२१ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. भाची म्हणाली, "मामा, मला वाटायचें ही जगांतली सर्वांत सुखी मुलगी. आतां माझी मुलगी बारा वर्षांची आहे. हें चित्र पाहिलें कीं मला त्या मुलीला घरीं न्यावेंसें वाटतें."

मग तिनें २००० सालचीं बारा मुखपृष्ठें जमिनीवर ओळीनें मांडलीं. कृष्णवर्णीय गायिका चारदोन होत्या. बाकी सोनेरी केस. आपल्या वळणाचा एकही चेहरा नव्हता. 'कॉस्मोगर्ल'ची पहिली संपादिका अटूसा रुबेनस्टाइन ही जन्मानें इराणी. तिचें संपादकीय भाची सर्वांआधीं वाची, कारण तेथें एक तरी काळेभोर केस दिसत.

टिकलीची गोष्ट तर मीं प्रथमच ऐकली. बहीण मुलीला सकाळीं टिकली लावून शाळेस पाठवी. बसथांब्यावर पोंचतांच ती काढून भाची वहीच्या पुठ्ठ्यास आंतून चिकटवी आणि परततांना पुन्हां लावी. पुढें ग्वेन स्टेफानी नांवाची गायिका टिकली लावून रंगमंचावर येऊं लागली; १९९८ सालीं मॅडोनानें 'फ्रोझन' गीताच्या चित्रफितींत हातांना मेंदी लावली; आणि या मासिकांतून टिकल्या व मेंदी यांच्या शिफारशी झळकूं लागल्या. वर्गांतील गोऱ्या मुली टिकल्या लावून आल्या. "मग तूंही लावली असशील," मी म्हणालों. "छे ! त्यांनीं लावली तर ती फॅशन. मी लावली तर अपू." 'द सिम्पसन्स' या व्यंगचित्रमालिकेंत १९९० पासून अपू नांवाचा एक भारतीय दुकानदार असे, त्याला आवाज देणारा हँक अझेरिया हा नट भारतीय नव्हे, आणि तें काम आपण सोडीत असल्याचें त्यानें २०२० सालीं जाहीर केलें. तोंवर तीस वर्षें गेलीं होतीं, आणि शाळेच्या बसमधील मुलांनीं तो आवाज काढून भाचीला हांका मारल्या, त्याही त्याच तीस वर्षांतल्या.

हें सर्व ऐकून मी मासिकांवर रागावलों आणि एक अंक बाजूस फेंकला. भाचीनें तो उचलून माझ्यापुढें धरला. तें प्रश्नोत्तराचें पान होतें. शरीरांत होणारे बदल, मासिक धर्म, मनाची उदासी, मैत्रिणींनीं टाकणें, घरांत कोणी मारीत असेल तर कोणास सांगावें. मुलींनीं नांव न देतां विचारलेलें, आणि त्यांस आडपडदा न ठेवतां, न हंसतां दिलेलीं उत्तरें. "हें मला घरांत कोणीं सांगितलें नव्हतें. ह्यांनीं सांगितलें," ती म्हणाली. स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज थांबला होता. बहीण दारांत येऊन उभी होती. ती म्हणाली, "मला तरी कोणीं सांगितलें होतें, दादा ?" मी तिचा वडील भाऊ. माझ्याकडे उत्तर नव्हतें.

त्याच उत्तरांच्या समोरच्या पानावर मात्र पोट सपाट करण्याचे व्यायाम. एका पानावर 'तुम्ही आहांत तशाच छान आहांत', आणि दुसऱ्यावर निराळ्या होण्याचे उपाय. आणि हे उपाय ज्या चित्रांच्या आधारें सांगावयाचे, तीं चित्रेंही यंत्रावर तासून गुळगुळीत केलेलीं. २०१२ सालीं मेन राज्यांतील एका चौदा वर्षांच्या मुलीनें याविरुद्ध अर्ज काढला. ऐंशी हजारांवर लोकांनीं त्यास अनुमोदन दिलें, आणि मुलींच्या अंगाचे वा चेहऱ्याचे आकार आपण बदलणार नाहीं, असें 'सेव्हन्टीन'ला आपल्याच अंकांत छापावें लागलें. भाची तेव्हां सव्वीस वर्षांची होती. तिला ती बातमी कामावर असतांना कळली, आणि औषधांच्या कपाटाआड जाऊन आपण रडलों, असें तिनें सांगितलें. माझ्या मतें या सबंध हकीकतींत शहाणें वागणारें माणूस तेवढें एकच : ती चौदा वर्षांची मुलगी.

आतां जें सांगावयाचें तें माझ्याविषयीं आहे.

प्रश्नोत्तराच्या एका पानांत घडी केलेला वहीचा कागद निघाला. मराठींत लिहिलेला, आणि वर तांबडी शाई. तांबडी शाई माझी. भाचीचें मराठी सुटूं नये म्हणून बहिणीनें त्या काळीं एक योजना केली होती : मुलीनें दरमहा मामास पत्र लिहावें, मामानें तें तपासून आपल्या पत्राबरोबर परत पाठवावें. हें पत्र २००० च्या नोव्हेंबरांतील. थंडी पडूं लागली आहे, शाळेंत मोजमापाचा प्रयोग केला, वगैरे मजकूर झाल्यावर शेवटीं तिनें लिहिलें होतें : 'इथल्या मासीकात माझ्यासारखी एकपण मुलगी नाही. मी सूंदर आहे का ते तुम्ही खरे सांगा. आई नेहमी हो म्हणते.'

'मासीकात' यावर तांबडें वर्तुळ होतें. 'सूंदर' यावर होतें. 'एकपण' खोडून वर मीं 'एकही' लिहिलें होतें. खालीं माझा शेरा : 'पत्र बरें आहे. ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावें. दहापैकीं सहा.'

त्या महिन्यांत मीं तिला काय लिहिलें असेल, तें आठवण्याचा मीं पुष्कळ प्रयत्न केला. पावसाचें लिहिलें असेल, सहामाही परीक्षेचें लिहिलें असेल. शेवटीं मीं तिलाच विचारलें, "तुझ्या प्रश्नाला मीं उत्तर दिलें होतें का ग ?"

"दिलेंत ना," ती म्हणाली. "दहापैकीं सहा."

ती हंसत होती. तिची मुलगीही हंसली, कारण आई हंसली. मला हंसूं आलें नाहीं. जन्मभर मीं हजारों कागदांवर असे आंकडे टाकले आहेत. टाकतांना मला फक्त वेलांटी व उकार दिसत असत.

दुसऱ्या दिवशीं खोकीं रद्दींत गेलीं. तीन अंक तिनें ठेवले. तें पत्र मला द्यावें, असें मीं तिला म्हटलें. मला तें फाडावयाचें होतें, कीं त्यावर दुसरें कांहीं लिहावयाचें होतें, हें माझें मलाच ठरवितां आलें नव्हतें. तिनें दिलें नाहीं. "मामा, तें माझें आहे," म्हणाली. आणि घडी जशीच्या तशी घालून तिनें तें त्याच अंकांत, त्याच पानावर पुन्हां ठेवून दिलें.