नाकामागील कोठडी

नांदेड अथवा लातूर येथील एखाद्या गृहस्थाची अंगठी बोटात रुतू लागावी, वहाणा वरचेवर मोठ्या घ्याव्या लागाव्यात, चालताना कडेचे माणूस दिसेनासे व्हावे. आणि या साऱ्याचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत सापडावे, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. हीच पीयूषिका ग्रंथी. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. परंतु शरीराची वाढ व इतर कित्येक ग्रंथींचे कार्य तिच्या आज्ञेत चालते. तीत गाठ झाली व शस्त्रक्रिया हाच उपाय ठरला, तर बहुधा कवटी न उघडता नाकावाटे ती काढतात. १९०७ साली इन्सब्रुक येथे श्लोफर या शल्यवैद्याने नाकाकडील हा मार्ग प्रथम अवलंबिला. आज दुर्बिणीने तो पुष्कळच सुकर केला आहे.

हा मार्ग जतूकास्थीतून जातो. जतूका म्हणजे वटवाघूळ. पंख पसरलेल्या वटवाघळासारखे हे हाड कवटीच्या तळाशी मध्यभागी असते. त्याच्या पोटात हवेची कोठडी आणि तिच्या छतावरील खोगिरासारख्या खोबणीत ती ग्रंथी. परंतु ही कोठडी सर्वांची सारखी नसते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत धान्याचे बळद कोठे व किती खोल आहे, हे बाहेरून कळत नसे. तसेच हे आहे. बहुतेकांची कोठडी खोगिराखालपर्यंत पोहोचते, काहींची अलीकडेच संपते, तर क्वचित एखाद्याचे हाड जवळजवळ भरीव असते व ते कोरूनच वाट करावी लागते.

कोठडीतील पडदाही बरोबर मध्यावर क्वचितच असतो. पुष्कळदा तो तिरपा जाऊन मेंदूस रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीवरील हाडाच्या पातळ आवरणास चिकटतो. तो पिळून तोडू गेल्यास धमनीस इजा होऊन प्राणावर बेतावयाचे. काहींच्या धमनीवर तेवढे आवरणही नसते. शिवाय शेजारच्या अस्थीतील एखादी पोकळी या कोठडीवर चढलेली असते. हंगेरीचे वैद्य ओनोडी यांचे नाव तिला मिळाले आहे. डोळ्याकडे जाणारा मज्जातंतू तिच्या भिंतीलगत असतो, म्हणून ती आधी न ओळखल्यास दृष्टी गमावण्याचे भय.

यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र नकाशा हवा. हाडांची रचना सीटी स्कॅनमध्ये उमटते. ग्रंथी, गाठ व धमन्या एमआरआयमध्ये. नांदेडास १९८८ साली व लातुरास २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली, आणि असे स्कॅन आता जिल्ह्याच्या गावीही होतात. पुढील उपचारांसाठी मुंबई, पुणे वा हैदराबाद गाठावयाचे झाल्यास केवळ लेखी अहवालावर विसंबू नये. मूळ चित्रेही बरोबर न्यावीत, व नाकावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असल्यास ती आवर्जून सांगावी. शल्यवैद्य चित्रे पुनःपुन्हा न्याहाळीत बसले, तर आप्तांनी उतावीळ होऊ नये. तो वेळ वाया जात नाही. रुग्णाची दृष्टी व प्राण पुष्कळदा त्यातच राखले जातात.