खाडीतली बोट आणि भरतीची वेळ

कोल्हापूरहून घाट उतरून देवबागला गेलेली मंडळी कर्लीच्या खाडीत बोटीची फेरी मारतातच. पण खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. ओहोटीला बोट रुतते, पंखा वाळूत घुसतो, थंडाव्याच्या पाण्याबरोबर वाळू ओढली जाऊन इंजिन तापतं. तेव्हा वेग वाढवणं घातकच! इंजिन बंद करून पंखा वर उचलावा, भरतीची वाट पाहावी. कोकणातले जाणते तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला साधारण सहा. किती सोपं गणित! पण धोका फक्त रुतण्याचा नाही: २४ मे २०२२ रोजी जवळच्याच तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. म्हणून विनंती, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाऊल ठेवू नका.