घास अडण्यापूर्वी



हमालांच्या संघटनेत उभी हयात काढलेल्या माणसाने अन्ननलिकेच्या कर्करोगावर बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा आमची लवकरच सुटली. पुढे जे वाचले ते कामगार-न्यायालयाच्या गरजेपोटी आणि मोंढ्यातल्या पोत्यांवर बसून. परंतु हा रोग आमच्या माणसांत कसा शिरतो, ते आम्ही जवळून पाहिले आहे.

हळदीचा हंगाम म्हणजे आमच्या हमालाची सुगी. अशाच एका हंगामात संघटनेतील एका गड्याला भाकरी गिळेनाशी झाली. तो ती वरणात कुस्करून खाऊ लागला. महिन्याभराने नुसता मऊ भात, पुढे पेज. घरच्यांनी विचारले तर म्हणाला, "दुखतंय कुठं? हंगाम उरकू द्या, मग दाखवू." हंगाम उरकला तेव्हा पाण्याचा घोटही उतरत नव्हता. दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढून पाठविला गेला, आणि मग जे कळावयाचे ते कळले. दिवाळी त्याने पाहिली नाही.

त्या गड्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याचा हिशोब पाहा. अन्ननलिका ही सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची, ताणली जाणारी नळी. ती बरीचशी अरुंद होईपर्यंत घास अडत नाही. म्हणजे आपण ज्याला रोगाची सुरुवात समजतो, ती बहुधा त्याची बरीच पुढची पायरी असते. त्यापूर्वी कित्येक वर्षे नलिकेच्या अस्तरातील पेशी बिघडत असतात. त्यांचा आकार बदलतो, रचना विस्कटते. परंतु त्यांनी अस्तराचे कुंपण ओलांडलेले नसते. हीच कर्करोगपूर्व अवस्था. आमच्या भाषेत सांगावयाचे तर संपापूर्वी नोटीस असते, तशी ही नोटीस आहे. मुदतही पुरेशी असते. मात्र नोटीस अशा भिंतीवर चिकटविलेली, की जेथे कोणाचीच नजर जात नाही.

ही मुदत किती, हे चीनमधील लिनशिएन तालुक्यात मोजले गेले. हा गरीब शेतकऱ्यांचा मुलूख आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचे जुने माहेरघर. तेथे 1987 साली 682 माणसांची दुर्बिणीने तपासणी करून पुढे साडेतेरा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या पेशींत सौम्य बिघाड होता, त्यांपैकी सुमारे 24 टक्के लोकांना पुढे कर्करोग झाला. मध्यम बिघाड असलेल्यांत 50 टक्क्यांना, आणि तीव्र बिघाड असलेल्यांत 74 टक्क्यांना. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावयास हवेत. सौम्य बिघाडाच्या चौघांपैकी तिघे त्या काळात सुटले. तेव्हा ‘कर्करोगपूर्व’ हा शब्द कानी पडताच शेत विकावयास निघण्याचे कारण नाही. पण तीव्र बिघाड आढळला तर वाट पाहणे म्हणजे जुगार.

बिघडलेली जागा डॉक्टरांना सापडते कशी? ह्याचे उत्तर वाचून आम्हाला मोठी मौज वाटली. बटाट्यावर आयोडीन टाकले की तो काळानिळा पडतो, हा प्रयोग आपल्या मुलांनी शाळेत केलेला असतो. नलिकेच्या निरोगी पेशींतही पिष्टासारखाच एक साठा असतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. दुर्बिणीतून आयोडीनचे पाणी फवारले की निरोगी अस्तर तपकिरी होते, आणि ज्या पेशी हा साठा हरवून बसल्या आहेत, तो डाग फिका राहतो. नेमका तेथलाच तुकडा काढावयाचा. एवढ्या स्वस्त औषधाने एवढे मोठे काम होते!

आणि डाग सापडला तर छाती उघडावी लागत नाही. जपानी डॉक्टरांनी पुढे नेलेल्या पद्धतीने, दुर्बिणीतूनच, ते अस्तर खरवडल्यासारखे उचलून काढता येते; कोठे विद्युत्‌लहरींच्या उष्णतेने जाळता येते. पुढे पुन्हापुन्हा तपासणी मात्र चुकवावयाची नाही. चीनमधीलच त्सशिएन तालुक्यात चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या लोकांची एकवार तपासणी करून सापडलेल्यांवर असे उपचार केले. दहा वर्षांनंतरचा हिशोब 2015 साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गावांत ह्या रोगाने 3.35 टक्के माणसे दगावली, न तपासलेल्या गावांत 5.05 टक्के.

दुसरा एक प्रकार आहे, तो आंबट पाणी वर्षानुवर्षे वर येऊन नलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलण्याचा. त्याला बॅरेट ह्या इंग्रज शल्यवैद्याचे नाव आहे. त्यासाठी केंब्रिजमध्ये दोऱ्याला बांधलेली, गिळावयाची स्पंजाची गोळी तयार झाली आहे. ती पोटात फुलते, ओढून घेतली की पेशी चिकटून येतात, आणि परिचारिकासुद्धा ते काम करते. आपल्याकडे मात्र हा प्रकार कमी. आपला शत्रू मुख्यतः पहिला, तंबाखूवाला.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत 1963 साली देशातील पहिली कर्करोग-नोंदणी सुरू झाली. 1977 साली कस्तुरी जयंत, जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिडी-सिगारेट ओढणे व तंबाखू चघळणे ह्यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिका ह्यांच्या कर्करोगाशी संबंध आकड्यांत मांडला. जो रस तोंडात सुटतो तोच खाली उतरतो; नलिकेला काही वेगळे देवघर नाही. सुपारीची गोष्टही तीच. तिने तोंडाचे अस्तर आवळत जाते, जबडा उघडेनासा होतो. ह्या विकाराचे वर्णन मुंबईच्या डॉ. जोशींनी 1953 सालीच केले होते. पुढे 1998 साली अलाहाबादच्या डॉक्टरांनी अशा 55 रुग्णांच्या अन्ननलिका तपासल्या, तेव्हा 66 टक्क्यांच्या नलिकेचे अस्तरही बिघडलेले आढळले. जे तोंडात दिसते त्याची सावली खाली असते, ती अशी.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आपल्या भागात सर्वांच्या नलिकेत दुर्बीण घालण्याची मागणी आज करू नये. ती व्हावयाची नाही, आणि सरकारच्या तपासणी-कार्यक्रमातही तोंड, स्तन व गर्भाशयमुख आहे, अन्ननलिका नाही. पण तोंड तर पाहता येते! त्याला विजेचा दिवा आणि शिकविलेली नजर पुरते. पुणे जिल्ह्यात एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे घरोघर जाऊन तपासली गेली. तो अहवाल 1972 सालचा आहे. केरळात तिरुवनंतपुरम येथे डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी हे काम केले, आणि 2005 साली दिसून आले की, तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. बार्शीकडे तर गावोगाव नुसती माहिती सांगितल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. त्या कामातही कस्तुरी जयंत होत्याच.

आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून दातांच्या मधे जातात का पाहा. (समोर काही मंडळींनी हात वर नेलेच आहेत, लाजू नका.) जात नसतील, पांढरा वा लाल चट्टा असेल, तिखट सोसवत नसेल, तर दाखवून घ्या, आणि त्यातच घास अडत असेल तर दुर्बिणीची तपासणी मागून घ्या, आम्लाच्या गोळ्यांवर महिने घालवू नका.

राहिला प्रश्न रोजाचा. हमालाची मजुरी पोत्यागणिक. दुर्बिणीसाठी बहुधा नांदेड नाही तर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, म्हणजे दोन दिवस बुडाले, सोबत येणाऱ्याचेही बुडाले. माथाडी कायदा 1969 चा आहे; हमालाचे आरोग्य हा मालकाच्या मेहेरबानीचा विषय नाही, हे तत्त्व त्यात आलेच आहे. तेव्हा आम्ही मोंढ्यापुढे दोन मागण्या ठेवीत आहोत. वर्षातून एकदा मोंढ्यातच तोंडाची तपासणी व्हावी, आणि पुढे पाठविलेल्या माणसाची दोन दिवसांची हमाली कापली जाऊ नये. काही आडते म्हणतात, तपासणी बाजार बंद असेल त्या दिवशी ठेवा. त्या दिवशी हमाल येत नाही; तो शेतावर जातो. ती आवकेच्या दिवशी, पहिला लिलाव पुकारण्यापूर्वी, काट्याजवळच व्हावयास हवी. येत्या बैठकीत ह्यावर बोलणे आहे, आणि पुसेगावचे जे व्यापारी आज येथे बसले आहेत त्यांनी तीस यावे, अशी आमची विनंती आहे.