रात्रींचा हिशोब आधी, मार्ग नंतर: क्रोएशियातला बोटीचा आठवडा

(भागाचं लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग तुमच्यापैकी ज्यांनी जर्मनीत, ऑस्ट्रियात, नेदरलँड्समध्ये किंवा थेट पुण्यात बसून ‘या उन्हाळ्यात क्रोएशियात शिडाची बोट भाड्याने घेऊ’ असं ठरवलंय, त्यांच्यासाठी. बोटीचं भाडं किती, स्किपर किती घेतो, हे सगळे विचारतात. पण बजेट कोलमडतं ते एका वेगळ्याच खर्चाने. रात्री बोट कुठे बांधायची आणि तिथे किती मोजायचे? गेल्या काही वर्षांत हा आकडा वाढतच गेलाय, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो सगळ्यात वर असतो.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. मार्ग आखताना ‘दिवसा कुठे जायचं’ इथून सुरुवात करू नका. आधी ‘रात्री कुठे झोपायचं’ ते ठरवा. आणि कुठल्या रात्री पैसे वाचवायचे हे वाऱ्याला ठरवू द्या, आपल्या पाकिटाला नको.

आधी हे भाडं मुळात का वाढतंय ते बघू. क्रोएशियाला हजाराहून जास्त बेटं आणि खडक आहेत, तेव्हा जागेची काय कमतरता, असं वाटतं. पण नकाशावर जागा असणं वेगळं आणि रात्री निवाऱ्याची जागा असणं वेगळं. भाड्याच्या बोटींच्या बाबतीत हा देश जगात अगदी पुढे आहे, आणि त्यातल्या बहुतेक बोटी शनिवार ते शनिवार अशाच जातात. म्हणजे सगळा ताफा एकाच दिवशी निघतो आणि सोमवारी-मंगळवारी त्याच चार लोकप्रिय खाड्यांत पोहोचतो. मरीना मोजक्या. पूर्वी जिथे फुकट नांगर टाकता यायचा, अशा बऱ्याच खाड्यांत आता बोया बसवलेत. तिथला किनारा आणि समुद्र कायद्याने सार्वजनिक, पण तो वापरण्याचा परवाना सरकार देतं. परवानाधारक फी भरतो आणि ती आपल्याकडून वसूल करतो. बोयांना एक चांगली बाजूही आहे. तळाशी पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत असतं, ते वर्षाला काही सेंटिमीटर इतकंच वाढतं. नांगराची साखळी ते उपटून काढते. चांगल्या बसवलेल्या बोयामुळे ते वाचतं.

आता कोकणातल्या माणसाला एक प्रश्न पडतो. आपल्याकडे बोट धक्क्याला आडवी लावतात, मग तिथे मागची बाजू धक्क्याला का? कारण भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर वर-खाली होतं. दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर हा फरक जेमतेम फूटभर. त्यामुळे मागून दोन दोर, पुढून तळाला बांधलेला एक दोर, आणि मधे उतरायला एक फळी, एवढ्यावर भागतं. अशाने कमी धक्क्यावर जास्त बोटी मावतात. तरीही ऑगस्टमध्ये दुपारी तीनला जागा संपलेल्या असतात.

तर आठवड्यात रात्री सात. पहिली, म्हणजे शनिवारची, तळावरच्या मरीनात, आणि शेवटची, शुक्रवारची, पुन्हा तिथेच, कारण बोट शुक्रवारी संध्याकाळी परत आणायची असते. या दोन बहुतेक करारांत भाड्यातच धरलेल्या असतात, पण करार वाचून खात्री करा. राहिल्या पाच. आपलं सगळं गणित या पाच रात्रींचं.

पर्याय चार. मरीना: वीज, पाणी, अंघोळ, बांधायला माणूस, आणि सगळ्यात महाग. गावाचा धक्का: थोडा स्वस्त, पण रात्री गजबज. बोया: त्याहून कमी, सोयी शून्य. आणि स्वतःचा नांगर: जिथे परवानगी आहे तिथे फुकट.

पाचवा एक आहे, तो खास तिथला. ‘कोनोबा’ म्हणजे घरगुती खाणावळ. अनेक कोनोबांचे स्वतःचे बोया किंवा छोटा धक्का असतो. त्यांच्याकडे जेवलात तर बांधायचे पैसे नाहीत. सगळे म्हणतात, ‘अरे वा, फुकट!’ थांबा, हिशोब करू.

हे आकडे मी फक्त उदाहरणासाठी धरतोय, प्रत्यक्ष दर त्या-त्या वर्षीचे बघा. बारा मीटरची बोट, माणसं आठ. मरीना १२० युरो. कोनोबात माणशी ३५ धरले तर २८० युरो. मरीना पडली माणशी पंधराला, त्यात आठ जणांच्या अंघोळी आणि पाण्याची टाकी भरून. बोटीवर खिचडी टाकली की जेवणाचा खर्च नगण्य. आता तीच बोट, पण दोघंच. मरीना माणशी साठ, आणि कोनोबा दोघांचे मिळून सत्तर, तेही जेवणासकट. निवाड्याचा नियम इथेच मिळतो: बांधायचं भाडं बोटीच्या लांबीवर असतं, जेवण माणसांवर. मोठा गट असेल तर मरीना तितकी महाग नाही. जोडपं असेल तर कोनोबा बघा. मांस-भाज्यांवर निखाऱ्याचं झाकण ठेवून करतात तो ‘पेका’ हवा असेल तर आधी फोन करून सांगावं लागतं, म्हणजे जागाही त्याच फोनमध्ये पक्की होते.

लांबीवरून आठवलं. दरपत्रकात लांबीच्या पायऱ्या असतात. तुमची बोट पायरीच्या दहा सेंटिमीटर पलीकडे गेली की पुढचा दर. आणि कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, घेतली तर बऱ्याच ठिकाणी दीडपट ते दुप्पट. आजी-आजोबांसाठी कॅटमरान आरामाची, नांगरावर कमी डुलते, हे खरंच. मग ती घेतलीच असेल तर मरीनाच्या रात्री कमी आणि नांगराच्या जास्त, अशी आखणी करा. बोट निवडतानाच निम्मा हिशोब ठरलेला असतो.

आता उदाहरणादाखल स्प्लिटहून निघालेला आठवडा बघा. रविवारी लांब जाऊ नका. शोल्ता बेटावरची शेशुला खाडी दहाएक सागरी मैलांवर आहे, तिथे कोनोबांचे बोया आहेत. सोमवारी विस. १९८९ पर्यंत हे बेट लष्करी होतं, परदेशी माणसाला बंद. म्हणूनच आजही तिथे बांधकाम कमी आहे. मंगळवारी तिथेच दुसरी रात्र. जागा चांगली मिळाली असेल तर सोडू नका, रोज हललं की रोज दुपारी जागेसाठी धावपळ. बुधवारी ह्वार. सगळ्यांना ह्वार गाव बघायचं असतं, म्हणून सगळे समोरच्या पाल्मिझाना मरीनात जातात, ती महागड्यांपैकी एक. त्याऐवजी बेटाच्या उत्तरेला स्तारी ग्राद किंवा व्हर्बोस्का इथे बांधा आणि ह्वार गाव रस्त्याने जाऊन बघा. स्तारी ग्राद ग्रीकांनी ख्रिस्तपूर्व ३८४ मध्ये वसवलेलं गाव, त्याच्या मागची शेतं २००८ पासून जागतिक वारशात. गुरुवारी ब्राच बेटावरचं मिल्ना, म्हणजे शुक्रवारी तळ जवळ. शुक्रवारी दुपारी डिझेलच्या पंपावर रांग असते, त्या वेळेत पोहोचायचंय हे लक्षात ठेवा.

आता वारा. तिथे तीन नावं पाठ करा. ‘माएस्त्राल’ हा आपल्या खाऱ्या वाऱ्याचा भाऊ: उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून सुरू होतो, संध्याकाळी निवतो. शीड लावायला मजा. ‘युगो’ आग्नेयेचा, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढतो आणि मोठ्या लाटा आणतो. ‘बुरा’ ईशान्येचा, डोंगरावरून कोसळणारा, झटक्यांचा. तो वेळ देत नाही.

विस गावाचा उपसागर ईशान्येला उघडा. बुराचा अंदाज असेल त्या रात्री तिथे जायचंच नाही, मग जागा कितीही स्वस्त मिळो. अशा वेळी माझा एक ठाम नियम आहे: जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल तर मरीनाचे पैसे न कुरकुरता भरायचे. रात्री दोनला नांगर सरकायला लागला, अंधारात मुलं जागी झाली, खडक पन्नास मीटरवर आला, तर वाचवलेले १२० युरो काय कामाचे? उलट शांत, वारा नसलेल्या रात्री, वाळूच्या तळावर चार-पाच मीटर पाण्यात नांगर घट्ट बसलाय, तर मरीनाचे पैसे का भरायचे? म्हणून पाच रात्रींपैकी दोन रात्रींचे मरीनाचे पैसे बाजूला काढून ठेवा, पण त्या कुठल्या हे आधी ठरवू नका. मधल्या दिवसांचा क्रमही त्याच अंदाजावर मागे-पुढे करा. क्रोएशियाच्या हवामान खात्याचा सागरी अंदाज इंग्रजीत मिळतो, तो रोज सकाळी आणि संध्याकाळी वाचा. संकटात रेडिओवर चॅनल १६, किंवा फोनवर १९५.

काही बारीक गोष्टी. नांगराची साखळी खोलीच्या निदान चार-पाच पट सोडा. हिरवट-काळा तळ म्हणजे गवत, फिकट तळ म्हणजे वाळू: वाळूवर टाका. बोयाला बांधलंत तर चष्मा लावून एकदा खाली डुबकी मारा आणि दोर-साखळी डोळ्यांनी बघा. दोन दोर लावा, एक तुटला तरी दुसरा राहील. पैसे घ्यायला छोट्या बोटीतून माणूस आला तर छापील पावती मागा. मागायला संकोच करू नका, पावती देणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. कोर्नातीसारख्या राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर बोटीचं तिकीट आधीच घ्या, आत गेल्यावर ते महाग पडतं. तिथे रात्री मुक्काम ठरावीक खाड्यांतच करता येतो.

शेवटी तारखा. १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत आणि क्रोएशियात सुट्टी असते, त्या आठवड्यात गर्दी कळसाला. मुलं शाळेत असतील आणि तुम्ही बव्हेरियात असाल तर पेंटेकोस्टच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीचा विचार करा: पाणी थोडं गार, पण जागा मिळते आणि दर बहुतेक ठिकाणी उतरलेले. मुलांची अडचण नसेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, कोनोबावाल्याला बोलायला वेळ असतो.

तर मंडळी, कागद घ्या, पाच रात्री लिहा, आणि प्रत्येकीसमोर दोन जागा: वारा नसेल तर कुठे, असेल तर कुठे. हा दहा ओळींचा कागद बोटीवर असला की दुपारी तीनला भांडणं होत नाहीत. काही अडलं तर कळवा, पुढच्या भागात उत्तर देईन. तोवर, सांभाळून राहा आणि समुद्राचा अंदाज वाचत जा. भेटू.